बा काय बोलतो, ते सरकारला कळेना

"आवाज येतो हो. पण एक शब्द कळत नाही. तुमच्या लाइनमध्ये फॉल्ट आहे."

फोनवर वानखडे साहेब होते. एका तपास यंत्रणेचे सब-इन्स्पेक्टर. चिडले होते, पण सभ्यपणे. मी समोरच्या स्क्रीनकडे बघत होतो. त्यांच्या ऑफिसला जाणारी आमची लाइन हिरवी दिसत होती. हिरवी म्हणजे चालू आणि तंदुरुस्त.

"साहेब, आमच्या बाजूनं सगळं क्लिअर आहे. पॅकेट लॉस नाही." पॅकेट लॉस म्हणजे आवाजाचे तुकडे वाटेत सांडणं. तसं झालं की बोलणं तुटक ऐकू येतं.

"सांडत नाही ना? मंग मले काहून समजून नाही राह्यलं?" चिडले की साहेब अमरावतीला परत जायचे.

मी कुठे काम करतो ते आधी सांगतो. भिवंडीजवळ टेमघरला आमच्या टेलिकॉम कंपनीची एक इमारत आहे. बाहेर पाटी नाही. आजूबाजूच्या लोकांना ते बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज वाटतं, आणि आम्हीही ते खोडून काढत नाही. आत मशीन आहेत, भरपूर एसी आहे आणि एका कोपऱ्यात आमचा छोटा विभाग आहे. सरकारला एखाद्याचा फोन ऐकायचा असेल, तर ती सोय आम्ही करून देतो. ऑफिसच्या भाषेत याला लॉफुल इंटरसेप्शन म्हणतात. गावच्या भाषेत टॅपिंग.

सिनेमात दाखवतात तसं इथे कुणी हेडफोन लावून बसलेलं नसतं. गृह खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा आदेश येतो. आमच्या नोडल ऑफिसर सबनीस मॅडम तो तपासतात. नोडल ऑफिसर म्हणजे कंपनीच्या वतीनं सरकारला उत्तर देणारी व्यक्ती. आदेशात खोट नसेल तर तो नंबर सिस्टिममध्ये टाकला जातो. तेव्हापासून त्या नंबरच्या प्रत्येक कॉलची एक कॉपी यंत्रणेच्या खोलीत जाते. आम्ही ऐकत नाही. पोस्टमन पाकीट पोचवतो, तसे आम्ही. फरक एवढाच की आम्ही एका पाकिटाची दोन करतो. आम्ही ऐकत नाही हे कुणाला खरं वाटत नाही, माझ्या बायकोलासुद्धा.

"साहेब, एखादा शब्द सांगा. कुठे तुटतो ते बघू," मी म्हणालो. खरं तर हे विचारायला नको होतं आणि त्यांनी सांगायला नको होतं. पण फॉल्ट शोधताना माणूस डॉक्टरसारखा होतो. कुठे दुखतं ते विचारल्याशिवाय राहवत नाही.

"तुटत नाही. तोच तर त्रास आहे. समोरचा माणूस खणखणीत बोलतो. पण सगळं कोडमध्ये. काल म्हणाला, कोलीम आला हाय, माणूस पाठव. ही कोलीम काय भानगड?"

मला हसू आलं. "साहेब, कोलीम म्हणजे अगदी बारीक कोळंबी."

"मासळी?"

"मासळी."

"आणि जवला?"

"तिचीच बहीण."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मी कोडवर्ड म्हणून वर कळवलंय."

फॉल्ट सापडला होता. लाइन नीट होती. बोलणारा माणूस आगरी होता आणि ऐकणारा वऱ्हाडी. मला फार मजा वाटली. मीही आगरीच, राहनाळचा. तिकीट बंद करायच्या आधी, म्हणजे तक्रार निकाली काढायच्या आधी, लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी लागते. त्यासाठी तक्रारीतला रेफरन्स उघडला. नंबर समोर आला.

तो नंबर मीच घेतला होता. आकडे लक्षात राहावेत म्हणून दुकानात बसून निवडलेला. माझ्या बापासाठी.

हसू कुठे गेलं ते कळलं नाही. "साहेब, बघून कळवतो," म्हणालो आणि फोन ठेवला. मग सरळ सबनीस मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. खुर्चीत बसायचंही सुचलं नाही.

"मॅडम, वानखडे साहेबांच्या तिकिटातला नंबर माझ्या वडिलांचा आहे."

मॅडमनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाल्या, "कुणाला सांगितलंत?"

"तुम्हाला."

"घरी?"

"नाही."

"सांगणार?"

"नाही."

"पाटील, सांगितलंत तर नोकरी जाईल, वर गुन्हा दाखल होईल. हे मी ऑफिसर म्हणून बोलतेय. माणूस म्हणून चहा मागवते. बसा."

चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी माझा सिस्टिमचा ॲक्सेस काढून घेतला होता आणि यंत्रणेच्या वरिष्ठांना कळवलं होतं की आमच्याकडचा एक कर्मचारी या नंबरवाल्याचा नातेवाईक आहे आणि त्याला या कामातून बाजूला केलं आहे. आदेश कशासाठी आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आता तुमचं काम एकच. घरी नेहमीसारखं वागायचं."

माझ्या नोकरीत याहून अवघड काम मला कुणी दिलेलं नाही.

आता बाविषयी. माझा बाप राहनाळचा. खाडीकाठच्या शेतावर आज आमचे चार-दोन गाळे उभे आहेत. ते भाड्यानं दिलेत. दिवसभर त्याला काम नसतं, म्हणून तो फोनवर असतो. फोन कानाला लावत नाही. तोंडासमोर धरतो, स्पीकर चालू करतो आणि समोरचा माणूस खाडीपलीकडे उभा असल्यासारखा ओरडतो. त्याचं बोलणं ऐकायला सरकारनं एवढी यंत्रणा लावली, याचं मला इंजिनिअर म्हणून वाईट वाटलं. आमच्या ओट्यासमोर एक खुर्ची टाकली असती तरी भागलं असतं.

त्या संध्याकाळी निघताना नेहमीप्रमाणे त्याला फोन केला. रिंग वाजताना लक्षात आलं की या कॉलचीही कॉपी जाणार. आपोआप माझी भाषा बदलली.

"नमस्कार बाबा. मी कार्यालयातून निघालो आहे. येताना काही आणायचे आहे का?"

बा ओरडला, "कोन बोलतंय?"

"मी. तुमचा मुलगा."

"मंग भाषन कनाला करतस? तब्येत बरी हाय ना? पाव घेवन ये."

घरी पोचलो तेव्हा बा ओट्यावर बसून वज्रेश्वरीच्या आत्याशी बोलत होता. विषय मीच होतो. मी कंपनीत साहेब आहे, पण घरात रेंज आणू शकत नाही. मी बायकोच्या पुढे बोलत नाही. लहानपणी विंचू समजून खेकड्याला घाबरलो होतो. हे सगळं एका सरकारी खोलीत साठत होतं. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की वानखडे साहेबांना ते कळणार नव्हतं.

पुढचे काही दिवस विचित्र गेले. यातलं हसण्यासारखं मी सांगितलं, आता दुसरं सांगतो. मी बाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. आदेश उगीच निघत नाही, हे मीच लोकांना सांगत आलो होतो. मग यानं काय केलं असेल? भोळा दिसतो, पण आहे का? फोन घेऊन तो मागच्या अंगणात गेला की माझे कान तिकडे लागायचे. एकदा तो कुणावर तरी भडकला होता: "मना भितर येऊ दे, माझाच गाला हाय." मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. बायको मागून म्हणाली, "काय करताय?" मी दाराची कडी तपासत असल्यासारखं केलं. यंत्रणेला निदान आदेशाची गरज लागली होती.

असंच एकदा जेवताना बा हसत हसत म्हणाला, "तो सरपंच नाक्यावर सांगत फिरतंय, त्याचा फोन टॅप होतंय. टक टक आवाज येतंय बोलतो. मी बोललो, तुना कोन ऐकल? तुझी बायको ऐकत न्हाय."

मी भाताकडे बघत राहिलो. टॅपिंगचा आवाज येत नाही, बॅटरीही गरम होत नाही. कॉलची कॉपी आमच्या मशीनमध्ये निघते, फोनला पत्ताही लागत नाही. टक टक येत असेल तर हँडसेट बदलावा. पण आमच्याकडे लोकांना हे नको असतं. लग्नात हटकून कुणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतो, माझा फोन टॅप आहे का. नाही म्हटलं की चेहरा पडतो.

"आनि माझा कोन ऐकल रं?" बाने विचारलं.

मी आमटी वाढून घेतली. "तुझा कशाला ऐकतील?"

"तेच बोलतंय. मी बोलतंय ते तुमचा कस्टमर केअर पन ऐकत न्हाय."

"काय सांगितलंस कस्टमर केअरला?"

"किती येला सांगला! मागच्या गाल्याजवल गेलो का फोन मरतंय. ओट्यावर कांड्या फुल, गाल्याजवल गेलो का कॉल लागतच न्हाय. ती बाई बोलते, आपकी शिकायत का समाधान हो गया है. कनचा समाधान?"

"कधीपासून?"

"तो नवा भाडोत्री आलाय ना, तवापासून. कापडाच्या डिझाइनचा कम्प्युटर काम बोलतो. एसी लावलंय, कापडाचा तुकडा न्हाय. मना भितर जाव देत न्हाय. नंबर पन रोज नवा. कवा कनच्या नंबरवरना फोन करल, सांगता येत न्हाय."

मी जेवायचा थांबलो. मुलगा म्हणून नाही, इंजिनिअर म्हणून. कांड्या फुल आहेत आणि कॉल लागत नाही, याचा अर्थ टॉवर जवळ आहे पण भरलेला आहे. एसटी समोर उभी आहे, पण आत पाय ठेवायला जागा नाही, तसं. एका गाळ्याजवळ एवढी गर्दी कुणाची? आत माणूस एक, कापड नाही, एसी चालू.

असल्या खोलीला आमच्या धंद्यात सिम बॉक्स म्हणतात. परदेशातून येणारा कॉल सरकारला दिसेल अशा ठरलेल्या वाटेनं देशात यावा लागतो. काही लोक तो इंटरनेटवरून गुपचूप आणतात आणि सिम कार्डांनी भरलेल्या मशीनमधून लोकल कॉल म्हणून पुढे सोडतात. तुम्हाला वाटतं नाशिकहून कुणी बोलतोय. तो असतो भलतीकडे आणि कुणालाच त्याचा माग लागत नाही. घरगुती टेलिफोन एक्स्चेंजच म्हणा. म्हणून त्याच्या मागे सुरक्षा यंत्रणा लागतात.

सगळं जुळत होतं आणि म्हणूनच भीती वाटत होती. गाळा बाच्या नावावर. मी तोंड उघडलं तर पहिली बेडी त्याच्याच हातात पडू शकत होती. गप्प बसलो तर ते पाकीट पोहोचवणाऱ्याचं काम नव्हतं, लपवणाऱ्याचं होतं. बाला सांगणं तर शक्यच नव्हतं. त्याला सांगितलेलं गावाला कळायला वेळ लागत नाही.

सकाळी मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही मुलगा म्हणून सांगताय की इंजिनिअर म्हणून?"

"ग्राहकाची तक्रार म्हणून, मॅडम. नेटवर्कची. ती आधी नोंदवलेली आहे आणि आपण खोटी बंद केली आहे."

मॅडमना हे आवडलं. "मग ग्राहकाला सांगा, परत तक्रार करा. तक्रार आली की मी ती नेटवर्क टीमकडून स्वतः तपासून घेते. तुम्ही यात कुठे नाही."

मी बाला एवढंच म्हणालो, "बा, कस्टमर केअरला परत फोन कर. यावेळी नीट सगळं सांग." त्याला तेवढंच हवं होतं. तो चहा संपवून ओट्यावर बसला आणि त्यानं फोन तोंडासमोर धरला. कस्टमर केअरशी तो हिंदीत बोलतो. भिवंडीची हिंदी, लूमवाल्यांबरोबर राहून कमावलेली.

"मॅडम, हमारा शिकायत बंद मत करो, पयला सुनो. हमारे गाले में वो भाडोत्री ने ऐसा क्या भरेला है, की उधर गया की फोन मरता है? आदमी एक है, एसी दो है. हमकू अंदर जाने नई देता. रोज नंबर बदलता है. तुम लोग आके देखो. मालिक मैं है, मैं बोलता है, आके देखो!"

तो कॉल दोन ठिकाणी पोचला. एक कस्टमर केअरला. दुसरा वानखडे साहेबांना. कितीतरी दिवस त्यांनी माझ्या बाचा आवाज ऐकला होता, त्यातला हा पहिला कॉल त्यांना अथपासून इतिपर्यंत समजला. नंतर त्यांनीच मॅडमना सांगितलं की ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

इकडे नेटवर्क टीमनं टॉवरचा त्या बाजूचा डेटा काढला. पुष्कळ सिम एकाच जागी. जागची हलत नव्हती. दिवसभर कॉल करत होती, पण त्यांना कुणी कॉल करत नव्हतं. माणसाचा फोन असा वागत नाही. माणूस बाजारात जातो, सासुरवाडीला जातो, त्याला आईचा फोन येतो. मॅडमनी रिपोर्ट वर पाठवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाळ्यावर धाड पडली. भाडोत्री सापडला. त्याची मशीन सापडली. सिम कार्डं तर पोत्यात भरून नेली. आणि बाला गाडीत बसवून चौकशीला नेलं. मला बायकोचा फोन आला. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे जाऊ नका. मुलगा म्हणून जाणं बरोबर होतं, पण मी कोण आहे हे तिथे सगळ्यांना कळलं असतं आणि प्रश्न बाच्या अंगावर वाढले असते. मी खुर्चीत बसून राहिलो. स्क्रीनवरच्या सगळ्या लाइन हिरव्या होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचलो तर बा ओट्यावर, भोवती निम्मं गाव आणि सरपंच मागच्या रांगेत. बा नुसता खुलला होता. यंत्रणेनं त्याला साक्षीदार केलं होतं. भाडेकराराची नोंदणी पोलिसांत केली नव्हती, त्याबद्दल दम मिळाला होता. बाकी त्याचं काही नव्हतं. भाडोत्रीचे नंबर रोज बदलत होते आणि त्या सगळ्यांवरून फोन जाणारा, न बदलणारा एकच नंबर त्यांच्या हाती होता, घरमालकाचा. म्हणून बा संशयित झाला होता. पण हे मला नंतर कळलं, बाला कधीच नाही.

लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ सरकला. "तो साहेब लय बेस मानुस हाय. चा पाजला. जाताना बोलतो, तात्या, गुडघा बरा हाय क? वज्रेश्वरीच्या कुंडावं जाऊन बसा."

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"यानला कसा ठावं रं माझा गुडघा दुखतंय? मी तं फक्त आत्याला सांगला."

"लंगडत गेला असशील."

"गाडीन नेला मना." बा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "पन बाहेरगावचा मानुस, तो पन आपली बोली किती बेस बोलतंय! मी इचारला, राहनालची सासुरवाडी हाय क? तं हसला."

आदेश रद्द झाला. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की कामापुरतं सोडून बाकीची रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे नष्ट होतील. माझा ॲक्सेस परत आला. काही दिवसांनी वानखडे साहेबांचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. काम झाल्यावर म्हणाले, "पाटील, मले मालूम नव्हतं हो, तुमचे वडील आहेत ते. आमच्या साहेबांनी आता सांगितलं." मग हळूच म्हणाले, "एक विचारू? तुम्ही खरंच खेकड्याला घाबरले होते?"

म्हणजे आगरी त्यांना माझ्या अंदाजापेक्षा बरीच लवकर कळायला लागली होती.

हे लिहिताना साहेबांचं, मॅडमचं, सगळ्यांचंच नाव बदललं आहे. नियम मोडू नये म्हणून, आणि घरात जेवण मिळत राहावं म्हणूनही. रेकॉर्डिंग नष्ट करण्याचा नियम आहे, तो चांगला आहे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहिलेलं नष्ट करायचा नियम अजून कुणी काढलेला नाही. त्यात मीही आलो, दाराआड उभा राहिलेला. आणि धंद्यातला माणूस म्हणून एक सांगतो: एखाद्याकडून काही काढून घ्यायचं असेल, तर एवढी लाइन टाकण्याआधी त्याला एकदा सरळ विचारून बघावं. त्याला सचिवांची सही लागत नाही. माझ्या बाने तर न विचारताच सांगितलं होतं, कस्टमर केअरला, पुन्हा पुन्हा. आम्ही समाधान झालं म्हणून ते बंद केलं होतं.